शंका स्टॉकमध्ये नाही

हे किस्से मी जमवलेले नाहीत, ते साचलेत. कुवेतमध्ये चार दिवस घर बंद ठेवून परत या, सगळ्या खिडक्या लावलेल्या असूनही टेबलावर बोटभर धूळ! कुठून आली, कधी आली, सांगता येत नाही. तसंच.

साठच्या दशकातली मधली वर्षं. मी इस्माईल, रत्नागिरीकडचा, मॅट्रिक आणि टायपिंगची परीक्षा पास. कुवेतच्या एका कॉलेजात टायपिस्ट होतो. त्या वर्षी आफ्रिकेतून डझनभर मुलं स्कॉलरशिपवर पहिल्या वर्षाला आली आणि त्यांना तत्त्वज्ञानाची तोंडओळख करून द्यायला खार्टूमहून डॉक्टर इद्रीस आले. उंच माणूस, आवाज असा की शेवटच्या बाकावर डुलकी लागायची सोय नाही. वर्ग इंग्रजीत चाले, कारण सगळ्या मुलांना समजेल अशी दुसरी भाषाच नव्हती. नोट्स उतरवून टाइप करायला मी मागे बसायचो.

पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या मुदीरसाहेबांनी, म्हणजे आमच्या डायरेक्टरांनी, सगळ्या विभागांकडून सामानाची यादी मागवली. केमिस्ट्रीवाल्यांनी चार पानं भरून दिली. डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला : ‘शंका’.

मी इमानदारीत टाइप केलं, ‘डाउट : एक’.

तिसऱ्या दिवशी स्टोअरकीपरचा शेरा आला, ‘स्टॉकमध्ये नाही. बैरूतहून मागवायची का?’

डॉक्टरांनी खाली लिहिलं, ‘नको. मुलं येताना घेऊन आलीत!’

* * *

पुस्तक लंडनहून आलेलं. पहिला धडा असा : खिडकीबाहेर बर्फ पडतोय. त्याचा पांढरेपणा बर्फात आहे की तुमच्या डोळ्यांत?

खिडकीबाहेर चव्वेचाळीस डिग्री! वर्गात कुणी आयुष्यात बर्फ पडताना पाहिलेला नाही. घानाचा कोफी म्हणाला, “सर, मी पाहिलाय. मासळीबाजारात. त्याच्यावर मासे होते.”

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. “तुमच्या गावचं काहीतरी सांगा.”

झांझिबारचा सुलेमान हळू बोलणारा, जपून बोलणारा. तो म्हणाला, “सर, आमच्याकडे लवंगा वाळत घालतात तेव्हा जहाजातल्या लोकांना किनारा दिसायच्या आधी वास येतो. बेटावर कुणीच माणूस नसेल, तर तो वास असेल का?”

“इस्माईल,” डॉक्टर ओरडले, “बर्फ काढ! लवंग घाल!”

मी रातोरात नाही, पण दुपारपर्यंत सायक्लोस्टाइलची नवीन स्टेन्सिल काढली. आता लवंगेला इंग्रजीत म्हणतात क्लोव्ह, आणि माझ्या मशीनची ‘सी’ची कळ धुळीनं अडकलेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हातात कागद : ‘लव्ह नाकात असतं की लव्हमध्येच?’

तास संपायची घंटा झाली तरी वाद चालू! कोफी तर बाकावर उभा राहिलेला. नोकरी गेली, असं समजून मी खाली मान घालून बसलो.

डॉक्टर टेबलाशी आले. “वीस वर्षं शिकवतोय. इतका चांगला प्रश्न मला सुचला नाही. ती कळ दुरुस्त करू नकोस!”

* * *

त्याच पुस्तकात पुढे वाक्य होतं की तत्त्वज्ञानाचा जन्म ग्रीसमध्ये झाला.

कोफीचा हात वर. “सर, तोवर आमच्याकडे लोक काय करत होते? विचार करत नव्हते?”

“करत होते की.”

“मग पुस्तकात का नाही?”

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “त्यांच्याकडे टायपिस्ट नव्हता!”

* * *

एकदा डॉक्टरांनी विचारलं, “तुम्ही विचार कुठल्या भाषेत करता?”

सुलेमान म्हणाला, “स्वाहिलीत. पण देवाशी अरबीत बोलतो.” कोफी म्हणाला, “आईच्या भाषेत. परीक्षेपुरता इंग्रजीत.” सगळा वर्ग फिरून प्रश्न शेवटच्या बाकावर आला.

“आणि तू, इस्माईल?”

मी उभा राहिलो. “साहेब, टाइप इंग्रजीत करतो, दुकानात भाव हिंदीत करतो, घरी पत्र मराठीत लिहितो.”

“आणि विचार?”

“ते काम अजून कुणी सांगितलं नाही, साहेब!”

वर्ग हसला. डॉक्टर हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हजेरीत माझंही नाव पुकारू लागले.

* * *

परीक्षा जवळ आली तशी खरी पंचाईत झाली. नियम असा की प्रश्नपत्रिकेबरोबर नमुना उत्तरं पाकिटात घालून ऑफिसात द्यायची. डॉक्टरांच्या पाकिटात चिठ्ठी निघाली : ‘उत्तर विद्यार्थ्याकडे आहे.’

मुदीरसाहेब लालबुंद झाले. उत्तर नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर वर्ग बंद. आणि वर्ग बंद म्हणजे डझनभर मुलांची स्कॉलरशिप बंद, सगळी परत घरी. मुलांचे चेहरे उतरले. कोफीनं तर ट्रंक खाली काढून ठेवली.

डॉक्टर म्हणाले, “एकदा वर्गात बसा. मग बंद करा.”

“दहा मिनिटं!” मुदीरसाहेब म्हणाले आणि घड्याळ काढून समोर ठेवलं.

त्या दिवशी विषय होता, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायचा का? कोफी म्हणाला, “मी मामाला शब्द दिला होता, कोकोची बाग सांभाळीन. तो गेला. मी इथे येऊन बसलो. सर, मी खोटारडा आहे का?”

“आहेस!” मुदीरसाहेब एकदम म्हणाले.

सगळे वळून बघायला लागले. मग त्यांनीच सांगितलं. त्यांचे वडील समुद्रातून मोती काढणाऱ्या होडीचे कप्तान. होडी विकायची नाही, असा शब्द त्यांनी मुलाकडून घेतलेला. मोत्यांचा धंदा बसला, तेल आलं, मुलगा कॉलेजचा डायरेक्टर झाला. होडी अजून अंगणात.

“सर, ती पाण्यात जाते?” कोफीनं विचारलं.

“नाही. फळ्या सुटल्यात.”

“मग शब्द पाळलात कसा? होडी ठेवलीत, समुद्र काढून घेतलात!”

मुदीरसाहेब उठून उभे राहिले. आता संपलं, असं मला वाटलं. पण ते फळ्याशी गेले, खडू घेऊन होडी काढली आणि दीड तास कोफीशी भांडले. शिपाई दोनदा बोलवायला आला, दोन्ही वेळा हाकलला.

बाहेर पडताना मला म्हणाले, “निव्वळ वेळ फुकट! एका प्रश्नाचं उत्तर नाही.”

“होय साहेब. वर्ग बंदचं पत्र टाइप करू?”

“ते राहू दे. उद्या किती वाजता आहे?”

* * *

सुलेमानच्या इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची मुदत संपली तेव्हा डॉक्टर आणि मी त्याच्याबरोबर सरकारी कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनानं पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला.

“हा देश नाही.”

“म्हणजे?”

“झांझिबार नावाचा देश आता नाही. दुसऱ्यात मिळाला. नवा पासपोर्ट आणा.”

सुलेमानला तो मिळणार नव्हता. तिथल्या उलथापालथीत वडील तुरुंगात गेलेले, घर गेलेलं. हे आम्हाला माहीत होतं.

“देश नाही तर इकामा नाही,” कारकून म्हणाला. “इकामा नाही तर तुम्ही इथे नाही.”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. असणं आणि नसणं यावर हा माणूस तीन-तीन तास बोलायचा. आता त्यांचा हात नुसता खिडकीच्या गजावर.

सुलेमान खाली वाकला. अगदी अदबीनं म्हणाला, “साहेब, मी इथे नाही आणि माझा देश कुठेच नाही. मग मला परत कुठे पाठवाल, तेवढं लिहून द्या. मी आपणहून जाईन.”

कारकुनानं पेन उचललं. कागदावर टेकवलं. मागे रांग कुरकुरायला लागली.

“राहतोस कुठे?” त्यानं शेवटी विचारलं.

“हवल्लीत.” कुवेत शहराला लागूनच्या त्या वस्तीत त्याची खोली होती.

दाणकन शिक्का बसला. पासपोर्ट आणि इकाम्याचा कागद खिडकीतून बाहेर आले. “पुढचा!”

उन्हात येऊन आम्ही तिघांनी तो कागद वाचला. नाव, सुलेमान. धंदा, विद्यार्थी. आणि देशाच्या रकान्यात, निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात : हवल्ली.