वायरीवरून हात फिरवणारे अण्णा

अण्णा गेल्याचं मला कळलं ते मीच त्यांना फोन केला म्हणून. युनियनच्या ऑफिसात सकाळपासून शेअर फोल्डर उघडत नव्हता. हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सरकायला लागायची. कामगार न्यायालयातली तारीख सहा दिवसांवर होती. फोन उचलला गेला तशी मी सुरूच झाले, "अण्णा, पेटी परत अडकली, लगेच या." पलीकडे त्यांची मुलगी पद्मा होती. म्हणाली, "अण्णा पहाटेच गेले, ताई... झोपेतच." लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला दुःख झालं नाही. भीती वाटली. आता ही पेटी कोण उघडणार?

त्या पेटीत काय होतं ते सांगायला हवं. विडी वळण्यात ज्यांचं आयुष्य गेलं अशा बायकांबद्दल मालकाचा वकील कोर्टात उभा राहून सांगतो, या आमच्याकडे कधी कामालाच नव्हत्या. त्यांच्याजवळ पुरावा एकच, कारखान्याच्या शिक्क्याची जुनी कार्डं. ती आम्ही स्कॅन करून कोपऱ्यातल्या काळ्या पेटीत, म्हणजे फाइली साठवायच्या यंत्रात, ठेवली होती आणि ऑफिसातले तिन्ही कॉम्प्युटर तिथूनच ती उघडायचे. मूळ कार्डांतली बरीचशी तंबाखूच्या डब्यांत राहून विरून गेली. दुसरी प्रत काढायचं दर बैठकीत ठरायचं, मग एखादा मोर्चा यायचा आणि ते राहून जायचं. जगाला शिस्त शिकवणारी पत्रकं लिहिणारे आम्ही!

श्रीनिवास अण्णा घरी तेलुगू बोलणारे, मूळचे यंत्रमागाचे मिस्त्री. माग बंद पडल्यावर चिंचोळीच्या एमआयडीसीत वायरिंग करता करता कॉम्प्युटर शिकले. आम्ही त्यांना कॉम्रेड म्हटलं की हात झटकायचे. "मी कसला कॉम्रेड, वायरवाला हाय मी. घोषणा तुमी द्या, लाइट आमी बघतो."

दोन वर्षांपूर्वी फोल्डर असाच रखडायला लागला, तेव्हा मी सरळ निष्कर्ष काढून मोकळी झाले होते. मालकाच्या माणसांनी आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरकाव केलाय! पत्रकाचा मसुदाही तयार होता, 'हेरगिरी बंद करा'. अण्णा आले, त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "लई जोरदार हाय की. आता सगळी खुर्चीवरनं उठा." कुणीही कशालाही हात लावायचा नाही. मग एकेका कॉम्प्युटरवर तीच एक फाइल उघडायची आणि ती दिसेपर्यंत मोठ्यानं आकडे म्हणायचे. पहिल्यावर चाळीस झाले. दुसऱ्यावर चाळीस. माझ्यावरही चाळीस. "तिन्हीला सारखंच म्हंजे खोट तिघांत न्हाय, तिघांच्या वाटंत हाय," ते म्हणाले. मग गुडघ्यावर बसले आणि पेटीतून निघालेल्या वायरीवरून, तुटलेला धागा शोधावा तसा, हात फिरवत गेले. भिंतीच्या कडेला थांबले. तिथं माझ्या पत्रकांचे सात गठ्ठे होते आणि वायर त्यांच्याखाली चेंगरून चपटी झाली होती.

"ताई, मालकाची माणसं सापडली बघा. हितं बसल्यात, गठ्ठा करून."

सगळे हसले. मी नाही हसले. ते पत्रक त्या दुपारी छापायला जाणार होतं. खोटा आरोप माझ्या नावानं गावभर वाटला गेला असता आणि कोर्टात त्या बायकांच्या खऱ्या कार्डांवरही कुणी विश्वास ठेवला नसता... मी गठ्ठे उचलून बाजूला ठेवले. अण्णांनी मसुद्याची घडी करून माझ्या हातात दिली आणि वायर बदलायला घेतली. पुढं त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मी अण्णांसारखंच सगळ्यांना खुर्च्यांवरून उठवलं. या वेळी आकडे म्हणायचीही सोय नव्हती, पेटी मध्येच दिसायची आणि मध्येच गायब व्हायची. कपाट पुढं ओढलं. मागं सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात तो डबा होता. आठ वायरी, आणि प्रत्येकीला अण्णांनी बांधलेली चिंधी, तिच्यावर शाईनं लिहिलेलं. तेलुगूत! आमच्यात ते कुणालाच वाचता येईना. चुकीची वायर ओढली आणि पेटीच बिघडली तर? तेवढ्यात तारखेची चौकशी करायला नरसम्मा आल्या. त्यांचं कार्डही त्याच पेटीत होतं. तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. चष्मा नव्हता, म्हणून चिंधी लांब धरून एकेक अक्षर लावत गेल्या.

"दाराजवळचा कॉम्प्युटर... हा ताईचा... आन ही पेटीची. 'टोक सैल हाय, बदलायचं.'" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "त्याला ठावं हुतं की गं."

ते बदलायला यायचं राहून गेलं होतं. नवी वायर आणली, पेटीचा दिवा लुकलुकायचा थांबून तिचं काम संपेपर्यंत थांबले, मग जुनी काढून नवी बसवली. फाइल उघडली ती आकडे म्हणायच्या आतच. नरसम्मांचं तरुणपणाचं कार्ड पडद्यावर आलं, शिक्क्यासकट. त्या दिवशी सगळ्या कार्डांच्या तीन प्रती काढल्या आणि तीन घरांत ठेवल्या. ती तारीख झाली. पुढची पडली आहे. वकील अजून तेच बोलतो आणि मला अजून भीती वाटते.

मी समजत होते, अण्णांना कधी भीती वाटत नसे. पण त्या दिवशी कपाट परत मागं सरकवताना नरसम्मांनी शेवटची, आठवी चिंधी वाचली होती. वाचून त्या आधी हसल्या, मग डोळ्याला पदर लावला. त्यावर लिहिलं होतं, "हिला हात लावायचा न्हाय. ही कुटं जाती ते मलाबी ठावं न्हाय. भ्या वाटतं."

आम्ही तिला हात लावलेला नाही.