माझी पुसलेली रेघ

मित्रमैत्रिणींनो, चार तास झाले, तरी डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, स्वयंपाकघरातले ग्रॅनाईटचे ओटे बसवतात. डिग्री घेऊनही नोकरी मिळाली नाही, म्हणून दोन महिन्यांपासून मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. आज बसवकल्याणला एका नव्या घरी एल आकाराचा ओटा होता. कोपऱ्यात दोन फरश्या तिरक्या कापून जोडायच्या होत्या.

मी कोपरा मोजला. तो काटकोनापेक्षा दोन अंश जास्त भरला. म्हणून प्रत्येक फरशीवर पंचेचाळीसऐवजी सेहेचाळीस अंशांची रेघ मारली. अप्पांनी बघून मान डोलावली.

तेवढ्यात घरमालक आले. "मिस्त्री, पोरीच्या रेघेवर दगड कापायलाव व्हय? आमचं घर काय शाळेची पाटी हाय?"

अप्पांनी ओल्या फडक्यानं माझी रेघ पुसली आणि नेहमीसारखा गुण्या, म्हणजे कोन आखायची पट्टी, लावून पंचेचाळीसची मारली.

फरश्या बसवल्यावर भिंतीकडे जुळल्या, पण पुढच्या कडेला बोटभर फट राहिली.

"बघा, पोरीला हात लावू दिला की असं हुतंय," मालक म्हणाले.

मी अप्पांकडे पाहिलं. ते खाली मान घालून फट भरायचा मसाला कालवत राहिले.

परतताना बसमध्ये एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नको, बाई. लोक काम द्यायचे न्हाईत."

मालकाचं सोडा. पण आपलं बरोबर होतं हे ज्याला ठाऊक आहे, तोच गप्प बसला, तर दाद कुणाकडे मागायची? तुम्ही कुणाकडे मागितलीत?