आमच्या एक्स-रे खोलीतल्या बाया

"श्वास रोखा, बोलू नका," म्हटलं की माणसं हमखास बोलतात! त्यामुळं एक्स-रे काढणाऱ्याकडं किस्से आपोआप जमत जातात. ऐंशीच्या दशकात मी नागपूरजवळ, मध्य प्रदेशातल्या सौंसरला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मशीन सांभाळायचो. आमच्याकडं छातीचे, हाडांचे फोटो निघत. स्तनाचा फोटो, म्हणजे मॅमोग्राफी, काढायला मात्र नागपूरच गाठावं लागे.

*

स्तनातल्या गाठीबद्दल सरळ कोणी सांगतच नसे. पांढुर्ण्याच्या एक शिक्षिका आल्या. "माझ्या मैत्रिणीला इथं गाठ आहे. तिनं काय करावं?"

आमच्या सुमन सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मैत्रिणीला टेबलावर झोपू द्या."

बाईंनी इकडंतिकडं पाहिलं, चपला काढल्या अन् झोपल्या!

गाठ साधी निघाली. जाताना म्हणाल्या, "मैत्रिणीनं थँक्यू सांगितलंय!"

*

मोहगावच्या कमलाबाईंची गाठ मात्र साधी नव्हती. शेतमजुरी करणारी बाई, बोलायला मोठी तिखट. डॉक्टरीणबाईंनी हातानं तपासलं अन् नागपूरची चिठ्ठीच लिहिली. सुमन सिस्टरांना सोबत देऊन नागपूरला पाठवलं.

तिथं मशीनच्या दोन प्लेटांमध्ये स्तन दाबल्याबरोबर कमलाबाई ओरडल्या, "कायले पिळून राहिल्या वो बाई? मी का संत्रा हाय?"

तिथल्या टेक्निशियनबाई हसल्या, त्यांना पाहून कमलाबाईही हसल्या, हलल्या, अन् फोटो बिघडला. पुन्हा पिळावं लागलं!

*

फोटोत काटेरी कडांचा पांढरा डाग दिसला. सुईनं तपासणी झाली. कॅन्सरच होता. ऑपरेशनआधी तो फुप्फुसात पोचला की काय, हे पाहायला छातीचा एक्स-रे मी काढला. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडात धरली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो.

"काही नाही!" त्या म्हणाल्या.

कमलाबाईंच्या सासूबाई रडायलाच लागल्या. "काहीच नाही? माह्या सुनेचं काळीज तरी असंल ना!"

डॉक्टरीणबाईंनी त्यांना फिल्मवर काळीज दाखवलं. म्हातारीनं त्यावर बोट ठेवलं. "केवढं मोठं हाय वो!"

*

ऑपरेशन नागपूरलाच झालं. कमलाबाईंनी सिस्टरांचा हात सोडलाच नाही, म्हणून सिस्टर आतपर्यंत गेल्या होत्या. पुढचं त्यांनीच सांगितलेलं.

सर्जननी मॅमोग्राफीची फिल्म लाइटबॉक्सवर लावली. भूल द्यायच्या आधीच टेबलावरून कमलाबाई म्हणाल्या, "साहेब, फोटो उलटा लागला. माही गाठ डाव्या अंगाले हाय."

सर्जननी फिल्म काढली, सुलटी लावली. "कुठं शिकलात हो हे?"

"शिकली कुठं? गाठ माही हाय ना, साहेब!"

*

दोनेक वर्षांनी कमलाबाई तपासणीला आल्या, त्या शेजारच्या रुखमाला ओढतच घेऊन. रुखमालाही गाठ होती, पण नागपूरचं नाव काढू देईना.

"तिथं कापते. मंग बाईचं राहते काय? मी नाही जात."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, सिस्टर रागावल्या. रुखमा जमिनीकडं पाहत बसली.

कमलाबाई तिचा हात धरून तिला कपडे बदलायच्या पडद्यामागं घेऊन गेल्या. मी बाहेर फिल्मची कॅसेट हातात घेऊन उभा. आतून कमलाबाईंचा आवाज आला, "हे पाह्य, इथं कापलं." मग कोणीतरी हुंदका दिला. अन् मग दोघी हसायला लागल्या, अशा की सिस्टर खुर्चीतून उठल्या!

पडदा सरकला. रुखमा पदर सावरत बाहेर आली. डोळे पुसले अन् मला म्हणाली, "भाऊ, नागपूरची गाडी किती वाजता हाय?"