पंचावन्नच्या खाली

बारा खाटांच्या त्या घरात माणूस सरासरी सव्वीस दिवस राहायचा. काटेवाले अकरा महिने राहिले. त्यामुळे त्यांच्याविषयी दोन मतं पडली होती. नातेवाइकांच्या मते ते चिवट होते, आणि संस्थेच्या मते ते तक्त्यात बसत नव्हते.

डॉक्टरांनी हात टेकले की माणसाला इथे आणायचं. इथे बरं करत नसत, फक्त दुखू देत नसत. आत यायला एकच कागद लागायचा: या व्यक्तीपाशी सहा महिन्यांहून जास्त दिवस नाहीत. काटेवाल्यांचा कागद तर तीनच महिन्यांचा होता. पोटात गाठ होती आणि ती वाढणार यावर तीन डॉक्टरांचं एकमत होतं. पण गाठ आळशी निघाली. इथे औषध वेळेवर मिळालं, दुखणं थांबलं, झोप लागायला लागली, झोपेनंतर भूक लागायला लागली, आणि मरण लांबलं. म्हणजे संस्थेने काम चोख केलं होतं. अडचण नेमकी तीच होती.

बेचाळीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले. दुकानं, गोदामं, पार्सलच्या खिडक्या. हातात लाकडी पेटी, पेटीत खाचांमध्ये बसवलेली पितळी वजनं. काटा जरा माझ्या बाजूने झुकवून द्या असं कुठलाही दुकानदार तोंडाने म्हणत नाही. तो म्हणतो, जरा नीट बघा. हे ‘नीट’ कानावर आलं की काटेवाल्यांना कमी ऐकू यायचं. समोरचा चहा तसाच ठेवून ते उठायचे. बायको होती तोवर शेजारणींना सांगायची की या माणसाशी भांडायचीसुद्धा सोय नाही. बोलायच्या आधी हे शून्य जुळवत बसतात, तोवर माझा राग निवून जातो.

घरी मुलगा, सूनबाई आणि दोन खोल्या. त्या दोघांना वाईट म्हणता येणार नाही. त्यांनी दुःख मन लावून केलं होतं. मुलाने रजा काढली, सूनबाई डोळे सुजेपर्यंत रडली, लांबलांबच्या माणसांना कळवलं. मेहुणे शेवटच्या भेटीला आले, हात हातात घेऊन तासभर बसले आणि वीस वर्षांचं भांडण मिटवून गेले. दोन महिन्यांनी पुन्हा आले, पुन्हा मिटवलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी दारातूनच “काय, कसं काय?” असं विचारलं आणि कुठल्याशा कामाला निघून गेले. दरम्यान बाबांच्या कोपऱ्यात सूनबाईने शिलाई मशीन मांडलं आणि चार बायका शिकायला यायला लागल्या. बाबांचे कपडे गरजूंना देऊन झाले, जुना चष्मासुद्धा. मुलगा दर रविवारी यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि काही हवंय का असं इतक्या अपराधी आवाजात विचारायचा की काटेवाल्यांनाच त्याची समजूत घालावी लागायची. “अरे, होईल. सगळं होईल वेळेवर.”

तेव्हा खिडकीजवळची खाट ही आता त्यांची जगातली एकुलती एक जागा होती, आणि ती वजनावर टिकून होती. नियम असा होता की सहा महिने उलटले की माणसाला दर सोमवारी काट्यावर उभं करायचं. भरतीच्या दिवसापेक्षा वजन कमी भरलं तर त्याची प्रकृती अपेक्षेप्रमाणे ढासळते आहे असं धरायचं आणि खाट चालू ठेवायची. जास्त भरलं तर माणूस सुधारला, आणि सुधारलेला माणूस घरी. भरतीच्या दिवशी दवाखान्याच्या काट्यावर काटेवाले पंचावन्न किलो होते. इथल्या काट्यावर ते आता चोपन्न भरायचे. जागा एका किलोने वाचली होती.

तो किलो खोटा आहे, हे फक्त त्यांना माहीत होतं.

वॉर्डातला काटा जुना, उभ्या खांबाचा. खाली फळीवर उभं राहायचं आणि वरच्या दांडीवरचं वजन सरकवत न्यायचं. पहिल्याच सोमवारी काटेवाल्यांनी ते सरकतं वजन पाहिलं आणि ओळखलं की हे या काट्याचं नव्हेच. मूळचं हरवलं असणार. कोणीतरी दुसऱ्या काट्याचं, थोडं जड वजन आणून अडकवलं होतं आणि स्क्रू पिळून शून्य तेवढं जुळवून घेतलं होतं. असा काटा रिकामा असताना खरं बोलतो आणि माणूस चढला की दर किलोमागे थोडं थोडं खोटं बोलत जातो. अठ्ठावन्न किलोंच्या माणसाला तो चोपन्न म्हणतो.

असला काटा पाहून गप्प बसण्याची बेचाळीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. मी निवृत्त झालोय, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. मग मी आजारी आहे, असं सांगितलं. ते जास्त पटलं.

असे महिने गेले. मग शेजारच्या खाटेवर ड्रायव्हर आला. लांब पल्ल्याच्या बस चालवलेला माणूस. कधीकाळी आडदांड असावा, आता ते त्याच्या सदऱ्यांच्या मापावरून कळायचं. त्याला वजन करायची सक्ती नव्हती, पण सोमवारी लोक काट्यापाशी उभे दिसले की तोही भिंतीला धरत धरत जायचा. जन्मभर समोर आकडे बघत गाडी हाकली होती. आकडा दिसल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आकडा दिसला की मग तीन दिवस चैन पडत नसे. भिंतीकडे तोंड करून पडायचं, दूध परत पाठवायचं. मोठ्या सिस्टर त्याला म्हणाल्या की आकड्याकडे बघूच नका. त्याने विचारलं की टाकीत किती उरलंय ते न बघता गाडी रस्त्यावर काढू का?

सातव्या सोमवारी त्रेचाळीस भरले. ड्रायव्हर परत येऊन खाटेवर बसला आणि बराच वेळ आपल्या मनगटाकडे बघत राहिला.

“काटेवाले, चाळीसच्या खाली गेलो ना, की मी खाणं बंद करणार,” तो म्हणाला. “बंद पडलेली गाडी दोराने ओढत न्यायची नाही. फार वाईट दिसतं ते.”

काटेवाल्यांनी मनात गुणाकार केला. त्रेचाळीस म्हणजे खरे सेहेचाळीस. या माणसाचे तीन किलो आपल्या खाटेखाली दडवून ठेवले आहेत, असं त्यांना वाटलं, आणि त्या दुपारी त्यांना जेवण गेलं नाही. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच. वजन घटायला सुरुवात अशीही होऊ शकते, हेही त्यांच्या लक्षात आलं आणि त्याची त्यांना लाज वाटली.

त्याच आठवड्यात दर्जा समितीचं पत्र आलं. आता अशा घरांनाही श्रेणी मिळणार होती, म्हणजे आपल्या माणसाने कुठे मरावं याची निवड नातेवाइकांना हॉटेलसारखी करता येईल. बावन्न प्रश्नांची यादी सोबत जोडलेली होती. दाराची रुंदी किती, खिडक्यांना जाळी आहे का, तक्रारपेटी आहे का. तक्रारपेटी होती, तिची किल्ली हरवून चार वर्षं झाली होती, पण पेटी हलवून पाहिली तर आत काही वाजत नव्हतं, त्यामुळे कोणाचीच तक्रार नाही असं लिहायला हरकत नव्हती. भिंतींवरची चित्रं उत्साहवर्धक असावीत, असंही यादीत होतं. मोठ्या सिस्टरांनी व्हरांड्यातल्या सूर्यास्ताच्या चित्राखालची पट्टी बदलून तिथे सूर्योदय लिहिलं. चित्र तेच राहिलं.

सिस्टर मुळात भली बाई. आजाऱ्याला हात लावायच्या आधी स्वतःचे तळवे एकमेकांवर घासून गरम करायची तिची सवय होती, आणि दुखणार असेल तेव्हा “आता दुखेल” असं ती आधी सांगायची. ‘काही होणार नाही’ असं कधी म्हणायची नाही. कूस बदलायला येणाऱ्या मावशी पाठीखालच्या चादरीची सुरकुती बोटांनी चाचपून काढत. काटेवाल्यांनी या घराची पारख केव्हाच केली होती, ती अशा गोष्टींवरून. बावन्न प्रश्नांत हात गरम आहेत का असा प्रश्न नव्हता.

त्रेचाळिसावा प्रश्न मात्र होता: यंत्रं आणि काटे अचूक आहेत का? सिस्टर शनिवारी त्यांच्या खाटेशी आल्या. काका, तुमचाच धंदा आहे, सोमवारी समिती येते आहे, तेवढा काटा पुसूनबिसून चकचकीत करून द्याल का, असं म्हणाल्या. काटेवाल्यांनी त्यांच्याकडे एक कानस, एक स्क्रूड्रायव्हर आणि पाच पाच लिटरचे दोन रिकामे कॅन मागितले. पुसायला एवढं कशाला लागतं, हे सिस्टरांनी घाईत विचारलं नाही.

रविवारी दुपारी मुलगा येऊन गेल्यावर ते काट्यापाशी स्टूल घेऊन बसले. रिकामे कॅन ठेवून शून्य जुळवलं, मग ते भरून ठेवले. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो; दांडी नऊ किलो तीनशेवर स्थिर झाली. त्यांनी सरकतं वजन काढून उलटं केलं. अशा वजनाच्या पोटात शिसं भरलेलं असतं, कमीजास्त करण्यासाठी. कानशीच्या टोकाने ते शिसं खरवडायला लागले. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर राखाडी चुरा पडत होता.

मधेच त्यांचा हात थांबला. आणखी थोडंच खरवडलं तर आपण चोपन्न किलो नऊशे भरू. पंचावन्नच्या खाली. खाट राहील. ड्रायव्हरच्या वाट्याला सातशे ग्रॅम येतील. सातशे ग्रॅमसाठी माणूस भिंतीकडचं तोंड इकडे वळवेल का? कदाचित अर्धं वळवेल. दुकानदार ‘नीट बघा’ म्हणत ते नेमकं काय, हे त्यांना आत्ता कळलं. त्यात लबाडी फारशी नसते, धास्ती असते. त्या सगळ्या दुकानदारांचा त्यांना बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कळवळा आला.

मग त्यांनी खरवडून, वजन परत लावून, शून्य जुळवून, कॅन ठेवून पाहिलं. नऊ सहाशे. पुन्हा काढलं. नऊ नऊशे. चार वेळा काढलं, चार वेळा लावलं. शेवटी दांडी दहावर येऊन जरा थरथरली आणि थांबली. कॅन उतरवून त्यांनी शून्य पुन्हा जुळवलं, कागदावरचा चुरा पुडी करून टाकून दिला आणि मग, सांगितल्याप्रमाणे, काटा पुसला.

सोमवारी समिती आली. समिती म्हणजे एक साहेब आणि एक मॅडम. साहेबांनी टेप काढून दारं मोजायला घेतली. मॅडम टॅबलेट घेऊन खाटांमधून फिरल्या आणि सगळ्यांना शून्य ते दहामध्ये समाधान विचारत गेल्या. कोपऱ्यातल्या आजींनी आधी विचारून घेतलं की दहा म्हणजे सुटका का. मग वजनाची वेळ झाली. ड्रायव्हर भिंतीला धरत आला, फळीवर चढला, सिस्टरांनी वजन सरकवलं. साडेपंचेचाळीस. त्याने पुन्हा सरकवायला लावलं. पुन्हा साडेपंचेचाळीस. तो खाली उतरला आणि या वेळी भिंतीला न धरता दोन पावलं चालला.

“सिस्टर, माझं दूध कुठाय?” तो म्हणाला. “आणि साखर घालताना हात आखडता घेऊ नका. पेशंट वाढतोय.”

वातावरण सकारात्मक आहे, असं मॅडमनी लिहून घेतलं.

काटेवाले चढले. सिस्टरांनी वजन सवयीने चोपन्नवर नेऊन ठेवलं. दांडी वरच राहिली. पंचावन्न केलं, छप्पन्न केलं. मग त्यांचा हात दांडीवरच थबकला.

“अठ्ठावन्न आहे,” काटेवाले पुढे बघत म्हणाले. “तिथे लावा.”

मॅडमनी तक्ता मागेपुढे सरकवून पाहिला. अकरा महिन्यांत तीन किलो वाढले, त्यातही गेल्या आठवड्यात चार. सुधारणा झाल्यास कुठे लिहायचं, हे त्यांना सापडेना. असा रकाना कोणी केलाच नव्हता. शेवटी त्यांनी ते ‘चुकीची भरती’ या सदरात घातलं आणि तिथले गुण कापले. त्रेचाळिसाव्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले. एकूण श्रेणी अपेक्षेपेक्षा एक पायरी खाली आली.

समिती गेल्यावर सिस्टर खाटेशी आल्या. रागावल्या होत्या, पण आवाज वॉर्डातलाच ठेवला होता.

“काका, आठ दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं?”

“माझं काही नाही बिघडलं. ड्रायव्हरकडे आहेत का आठ दिवस?”

सिस्टरांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. ड्रायव्हर ओठांवरची साय पुसत होता. मग त्या म्हणाल्या, “आणि तुमचं काय?”

“मी शिवण शिकेन,” काटेवाले म्हणाले. “सूनबाईकडे जागा आहे म्हणतात, पाचव्या बाईला.”

गुरुवारी मुलगा न्यायला आला. डॉक्टर घरी पाठवण्याचं कारण लिहायला अडून बसले होते. बरा झाला म्हणावं तर गाठ जिथल्या तिथे होती. त्यांनी ‘वजन’ एवढंच लिहून सही केली. मुलाने सिस्टरांना व्हरांड्यात गाठून हळूच विचारलं की मग बाबांना परत साधारण कधी आणायचं. तो वाईट अर्थाने विचारत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि सिस्टरांनाही नव्हतं. पंचावन्नच्या खाली आले की कळवा, असं त्या म्हणाल्या आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

निघताना अभिप्रायाचा फॉर्म भरायचा असतो. आजवरचे सगळे फॉर्म मागे राहिलेल्यांनी भरलेले होते. स्वतःचा स्वतः भरणारा हा पहिलाच माणूस. ‘रुग्णाशी नातं’ या ओळीवर काटेवाल्यांनी ‘स्वतः’ असं लिहिलं. दुखणं आटोक्यात ठेवलं का: हो. रात्री हाक मारली तर कोणी आलं का: दर वेळी. सुधारणेसाठी सूचना: सूर्यास्ताचं चित्र चांगलं होतं. शेवटचा प्रश्न कुठल्यातरी हॉटेलच्या फॉर्मवरून उचललेला असावा, कारण तो इथे विचारून काही उपयोग नाही हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ‘आपण पुन्हा आमच्याकडे याल का?’

मुलगा पिशवी घेऊन दारात उभा होता. काटेवाल्यांनी पेन वर धरलं, खिडकीजवळच्या खाटेकडे पाहिलं; मावशी तिच्यावरची चादर काढत होत्या. मग त्यांनी सावकाश, अक्षर न बिघडवता लिहिलं: हो. पण लवकर जमेल असं दिसत नाही. माफ करा.