आईचं सोवळं आणि फिल्टर

नव्या प्लास्टिकचा वास आला की मला माणिक चौकातलं ते फिल्टरचं दुकान आठवतं. आईला मुतखडा झाला होता आणि डॉक्टरांनी फिल्टरचं पाणी भरपूर प्यायला बजावलं होतं. पण ती प्यायची ते फक्त आंघोळ करून स्वतःच्या हाताने भरलेलं, सोवळ्याचं पाणी. घराबाहेर तर तिने कधी घोटही घेतला नव्हता. फिल्टर आणला तरी ती त्यातलं पिणार का, हीच धास्ती होती. मी मात्र पंधरा दिवस मोबाइलवर वाचून झाशीतला मोठा जलतज्ज्ञ झालो होतो, आणि दुकानात चालू ठेवलेल्या एका फिल्टरपाशी दुकानदाराची उलटतपासणी घेत होतो. आई मध्येच म्हणाली, "भैया, ये सब रहने दो. इसमें पानी भरता कौन है?" "कोई नहीं, अम्माजी. नल से खुद आता है, खुद साफ होता है. किसी का हाथ ही नहीं लगता." आईने तो फिल्टर खालून वरपर्यंत निरखला. मग हळूच मला म्हणाली, "अरे, हे तर माझ्याहून सोवळं." तिने पदर सावरला, दुकानातला कागदी पेला फिल्टरच्या नळाखाली धरला आणि भर बाजारात, स्कूटरींच्या धुरात, घटाघटा पाणी प्यायली. पेला पुन्हा भरून घेतला. मी माझ्या पसंतीच्या मॉडेलकडे बोट दाखवलं, तर म्हणाली, "ते तू तुझ्या घरी लाव. मला हेच." घर एकच असल्यामुळे तिचंच आलं. आता मलाही दुसरं पाणी गोड लागत नाही, पण हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.