चिरेखाणीतले अठराशे पंच्याऐंशी मासे

आमच्या गावच्या चिरेखाणीत अठराशे पंच्याऐंशी मासे आहेत, असं मी १९९९ साली जाहीर केलं. हा आकडा मी शास्त्रीय पद्धतीने काढला होता.

आधी माझी ओळख सांगते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नुसती चढले नाही, प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, तेही पहिल्या फटक्यात. निकालाच्या दिवशी आईने गावात पेढे वाटले आणि प्रत्येक घरी सांगितलं, "पोरगी माशांची डॉक्टर झाली." मी ते दुरुस्त करत बसले नाही. (तेव्हाच करायला हवं होतं!)

माझे बाबा लाँचीवर तांडेल. तांडेल म्हणजे लाँचीचा मुख्य. खलाशांनी कधी जाळं टाकायचं, कधी ओढायचं आणि कधी गप्प बसायचं हे तो ठरवतो. त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांची कंबर धरली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने लाँचीवर पाय ठेवायचा नाही. बाबा घरी बसले आणि घराची लाँच झाली. आई चुलीपाशी आणि बाबा मागे उभे!

"आमटी ढवळ. डावीकडनं ढवळ. कोकमं किती टाकलीस?"

"चार."

"कोणाला विचारून?"

पंधराव्या दिवशी आई मला परसात घेऊन गेली आणि म्हणाली, "बाय, एक तर ह्यांना कुठल्यातरी पाण्यावर नेऊन बसव, नायतर मी जाते लाँचीवर. मला जमेल."

त्याच संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं, की पुढच्या सोमवारी आपण लाँचीवर जाणार, डॉक्टर गेला उडत. आता मात्र आम्ही खरोखर घाबरलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की लाँचीच्या हेलकाव्यात कंबर पुन्हा धरली तर हा माणूस काठी घेऊनच चालेल. बाबांना काठीसकट बघायची आमची कोणाचीच तयारी नव्हती.

मला तळं सुचलं. तळं म्हणजे गावाबाहेर सड्यावरची, कातळाच्या माळावरची, जुनी चिरेखाण. चिरे काढून संपल्यावर खड्ड्यात पाणी साठलं, कोणीतरी कधीतरी त्यात रोहूची पिल्लं सोडली, आणि तेव्हापासून तिथे म्हशी डुंबत होत्या. चिरे कापताना आपोआप पायऱ्या झालेल्या, बसायला ऐसपैस जागा. कंबरदुख्या माणसाने गरी, म्हणजे गळ, टाकून बसायला याहून चांगलं ठिकाण कोणतं?

"गोड्या पाण्यातला मासा?" बाबा म्हणाले. "त्यापेक्षा चिखल शिजवून घाल मला. आणि त्या खड्ड्यात मासा हाय तरी काय? म्हशी धरू गरीने?"

"भरपूर आहेत."

"किती?"

"किती म्हणजे... भरपूर."

"शिकलेली ना तू? मग आकडा सांग. आकडा आला तर बसतो तिकडे. नाय आला तर सोमवारी लाँचीवर."

माझ्या पदवीला हे उघड आव्हान होतं. सोमवारची मुदत मी पुढच्या सोमवारावर ढकलून घेतली आणि कामाला लागले.

पद्धत अगदी सोपी आहे. तळ्यातून थोडे मासे पकडायचे, त्यांना खूण करायची, परत सोडायचे. चार दिवस जाऊ द्यायचे. मग पुन्हा मासे पकडायचे आणि त्यात खुणेचे किती सापडतात ते बघायचं. खुणेचे खूप सापडले तर तळ्यात मासे थोडे. खुणेचे थोडे सापडले तर तळ्यात मासेच मासे! आमच्या सरांनी हे वर्गात फळ्यावर शिकवलं होतं. फळ्यावर फार छान जमायचं.

प्रयोगाची वाच्यता करायची नाही, असं मी ठरवलं. निरीक्षण चाललंय हे कळलं की प्राणी वागणं बदलतात, असं पुस्तकात होतं. (ते हरणांबद्दल होतं. मी गावाला लावलं.) तीन दुपारी मी एकटी जुनी मच्छरदाणी आणि कणकेचे गोळे घेऊन खाणीवर गेले. चाळीस मासे धरले आणि एकेकाच्या पाठीवरच्या पराला सुईने दोरा ओवून गाठ मारली. दोरा आईच्या शिवणाच्या डब्यातला. काळा पाण्यात दिसला नसता, पांढरा खवल्यात हरवला असता. म्हणून लाल घेतला. लाल दोरा! आपल्या गावात लाल दोरा कुठे कुठे बांधतात, हा विचार पदवीधर मेंदूला शिवलासुद्धा नाही.

चार दिवसांनी दुसरी खेप. या वेळी पकडणारा हात वेगळा असावा म्हणून मी आबाकाकाला बोलावलं. आबाकाका बाबांचा धाकटा भाऊ. पाग फेकावा तर त्याने, जाळं असं गोल पडतं की बघत राहावं. तो खाली पाण्यात उभा राहून पाग टाकणार, मासे बादलीत घालून वर मला देणार, मी वही घेऊन पायरीवर. बाबा समोरच्या काठावर येऊन बसले होते, परीक्षकासारखे.

"काका, किती?"

"तीन!"

मी बादलीत बघायचे, वहीत लिहायचे आणि मासे बिचारे तडफडायला नकोत म्हणून लगेच पाण्यात सोडून द्यायचे. दुपारपर्यंत पंचेचाळीस मासे मोजले. त्यांत लाल दोऱ्याचा एकही नाही!

समोरून बाबा दोनदा खाकरले. मी लक्ष दिलं नाही.

आता खरी अडचण आली. सूत्रात खुणेच्या माशांनी भागायचं असतं, आणि खुणेचे होते शून्य. शून्याने भागता येत नाही, हे तर मला दहावीपासून माहीत. पण आमचे सर दूरदृष्टीचे. अशा वेळी प्रत्येक आकड्यात एक मिळवा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मी एकेचाळीसला सेहेचाळीसने गुणलं, शून्याच्या झालेल्या एकाने भागलं, सूत्राप्रमाणे त्यातून एक वजा केला आणि रात्री जेवताना ताटावर जाहीर केलं, "अठराशे पंच्याऐंशी."

आईच्या हातातला डाव थांबला. बाबांनी घास गिळला.

"वरचे पाचसुद्धा नक्की?"

"गणित आहे, बाबा. त्यात अंदाज नसतो."

"बरं," म्हणाले. बाबा वाद न घालता 'बरं' म्हणाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून बाबा गरी आणि गांडुळांचा डबा घेऊन खाणीवर जायला लागले. घरात शांतता नांदू लागली. आई आमटीत हवी तेवढी कोकमं टाकू लागली. फक्त संध्याकाळी बाबा हात हलवत परत यायचे.

"लागला काही?"

"लागतात की."

"मग कुठे आहेत?"

"तळ्यात."

आठ दिवस झाले. अठराशे पंच्याऐंशी माशांच्या तळ्यातून तीस वर्षं मासेमारी केलेल्या माणसाला एक मासा मिळेना! मी बाबांच्या गरीला दोष दिला, गांडुळांना दोष दिला, एकदा तर वाऱ्यालाही दिला. सूत्राला नाही.

नवव्या दिवशी मी खाणीवर गेले तर काठावर वीस-पंचवीस बायका! कोणी नारळ फोडतंय, कोणी कुरमुरे टाकतंय. म्हशींना वरच्या बांधावर दोन माणसांनी अडवून धरलेलं. आबाकाकाची बायको, आमची काकी, सगळ्यांच्या पुढे.

"काकी, हे काय?"

"बोटभर मागे हो गो, सावली पाडू नको. देवाचे मासे हायत. पाठीवर लाल दोरा घेऊन वर आलेत."

मी आबाकाकाला फणसाच्या झाडामागे ओढलं. "काका, त्या दिवशी पागात लाल दोऱ्याचे मासे आले होते?"

काका खाली बघायला लागला. "आले होते गो. पुष्कळ आले. मी नमस्कार करून पाण्यात सोडले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू शिकलेली. हसली असतीस."

माझे चाळीसच्या चाळीस मासे हा देवभोळा माणूस बादलीत पडायच्या आधीच सोडत होता, आणि मी वर उभी राहून शून्यात एक मिळवत होते! दुसऱ्या दिवशी देवळात गाव जमला. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, "हे खाणीतल्या देवा महाराजा, आजपावेतो तुझ्या अंगावर आम्ही म्हशी धुतल्या, चूकभूल पोटात घाल रे महाराजा..."

"होय महाराजा!" गाव म्हणाला.

"...आजपासून ह्या पाण्यात कोणी जाळं, पाग, गरी टाकणार नाय रे महाराजा..."

"होय महाराजा!"

गरी बंद म्हणजे बाबांचं तळं बंद, आणि तळं बंद म्हणजे सोमवारी लाँच! मी गर्दीतून पुढे घुसले.

"थांबा! दोरे मी बांधलेत. अभ्यासासाठी. आईच्या रिळाचा दोरा आहे."

गुरवकाका मायेने म्हणाले, "असेल बाय. पण बांधायची बुद्धी तुला कोणी दिलीन?"

"आमच्या सरांनी."

"आणि त्यांना?"

"पुस्तकाने."

"आणि पुस्तक लिहिणाऱ्याला?"

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न कुठेच नव्हता.

"होय महाराजा!" मागून आबाकाका ओरडला.

पुरावा म्हणून मी आईला घरी पिटाळलं आणि रीळ आणवलं. ते बघितल्यावर तरी लोक शुद्धीवर येतील असं वाटलं होतं. लोकांनी रिळाला हळदकुंकू लावलं आणि वीतवीतभर दोरा तोडून घरी नेला. आईचा ब्लाऊज शिमग्यापर्यंत एका बाहीचा राहिला, आणि ती माझ्याशी तेवढेच दिवस अर्ध्या वाक्यांत बोलली.

बाबा उठून उभे राहिले. "ठीक हाय. मग मी सोमवारी लाँचीवर."

"छे छे, तांडेल!" गुरवकाका म्हणाले. "आता तिकडे राखण नको? सड्यावरची पोरं उद्या चोरून गरी टाकतील. पाण्याचा जाणता माणूस हवा. तुमच्याशिवाय आहे कोण?"

बाबांनी कंबर चाचपली, छाती काढली, आणि पद स्वीकारलं. माझ्या शास्त्राने जे साधलं नाही ते शास्त्र बुडाल्यामुळे साधलं. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी लाँचीवर जायला परवानगी दिली, तेव्हा बाबा म्हणाले, "सवड नाय."

पुढे मी एम.एस्सी. झाले, राजापूरला शिकवायला लागले. एकदा सुट्टीत घरी आले तेव्हा खाणीच्या पायरीवर बाबांशेजारी बसले आणि इतकी वर्षं घशात अडकलेलं विचारून टाकलं.

"बाबा, तुम्ही समोर बसला होता. काका मासे सोडताना दिसला नाही?"

"दिसला की. आणि तू तेच तेच मासे मोजत होतीस तेपण दिसलं. एकाचं शेपूट फाटकं होतं. सहा वेळा लिहिलंस त्याला."

"मग बोलला का नाही?"

"खाकरलो होतो दोनदा."

"आणि नंतर आठ दिवस रिकाम्या हाताने का आलात? तुम्हीही देवाचे म्हणून सोडत होता?"

"देवाचे कसले? गाठ बघितली ना मी. जाळ्याची गाठ. तुला लहानपणी मीच शिकवलेली." बाबा पाण्याकडे बघत होते. "तुझा अभ्यास चाललेला. तुझा मासा मी कसा खाऊ? आणि लागतो तो तुझ्या दोऱ्याचाच, असं घरी सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला आली असतीस."

माझे डोळे भरून आले. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी जवळ सरकले, तर बाबा दबक्या आवाजात ओरडले, "हलू नको गो!"

त्यांच्या पायांशी पाण्यात पन्नासेक रोहू तोंडं वर काढून उभे होते. हातातून कुरमुरे खात होते. मी नीट बघायला खाली वाकले, आणि एका क्षणात सगळे तळाला गेले. एकही उरला नाही.

"तुला बघितलं की असं करतात," बाबा म्हणाले. "बाकी कोणाला नाय घाबरत."

म्हणजे माझ्या पदवीची दखल घेणारं गावात कोणी नाही, असं मला म्हणता येणार नाही. पन्नासेक आहेत. नक्की आकडा मी सांगत नाही.