चाचीने घातलेला आकडा

ब्रश हातात घेण्याआधी चाची रस्ता ओलांडून पलीकडे जायची, एक डोळा मिटायची आणि काल रंगवलेली पाटी वाचून बघायची. तेही हायवेवर, भरधाव ट्रकच्या मधून वाट काढत. मी रागावले की म्हणायची, "लांबून वाचता आलं पायजे, बाई. जवळून काय, कुनालाबी वाचता येतं."

तुम्ही पुण्याहून साताऱ्याकडे कधी गेला असाल, तर आमची वस्ती तुम्ही पाहिली आहे. लक्षात राहिली नसेल, एवढंच. नसरापूरच्या अलीकडे चाळीसेक घरं होती. एसटीचे कंडक्टर तिला 'गॅरेज' म्हणत, तेच तिचं नाव झालं. केरळचा टायरवाला, राजस्थानचे फरशीवाले, वेल्ह्याच्या डोंगरातून उतरलेली शेतकरी कुटुंबं, भोरकडचे मुसलमान, दगड घडवणारे वडार, आणि भाड्याच्या खोलीत मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. हायवेमुळेच आम्ही सगळे तिथे आलो होतो. तोच आम्हाला उठवील असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

चाचीचा नवरा ट्रकच्या नंबरपाट्या रंगवायचा. त्याचा हात थरथरायला लागला तेव्हा तिने ब्रश घेतला, आणि तो गेल्यावरही सोडला नाही. तिला अक्षरं वाचता येत नव्हती. मी कागदावर लिहून द्यायचे आणि ती ते चित्रासारखं उतरवायची. आकडे मात्र तिचे स्वतःचे. एकदा एका ड्रायव्हरला ट्रकच्या मागे एक बाईचं नाव लिहून हवं होतं. चाचीने विचारलं, लग्नाच्या बायकोचं का? तो नुसताच हसला. "मंग फिकट रंगात लिवते," ती म्हणाली, "पुसायला बरं."

तिचं घर वस्तीच्या टोकाला होतं. त्यापुढे ओढा आणि ओढ्यापलीकडे एकटं राधाक्काचं घर. राधाक्का पाटे-वरवंटे घडवून रस्त्याच्या कडेला विकायची. दोघी विधवा, दोघी तोंडाळ. दगडाची धूळ उडून माझा ओला रंग नासतो, हे चाचीचं गाऱ्हाणं. तुझ्या टर्पेंटाइनने माझ्या भाकरीला वास येतो, हे राधाक्काचं. भांडण ओढ्याच्या दोन काठांवरून चालायचं. दुपारी मात्र दोघी एकाच काठावर बसून जेवायच्या. कोणत्या, ते सावली ठरवायची.

मग मोजणीवाले आले आणि लाल रंगाने घराघरावर आकडे टाकून गेले. घाईत टाकलेले, ओघळलेले. नोटीस मी वाचून दाखवली. क्रमांक टाकलेली घरं रस्त्यासाठी पाडली जातील आणि पात्र कुटुंबांना दुसरीकडे जागा मिळेल, एवढंच त्यात होतं. आकडा वाचता आला नाही तर आपली जागा जाईल, अशी धास्ती सगळ्यांनी घेतली. टायरवाला चाचीला बोलवायला आला. त्या आठवड्यात तिने सगळ्या वस्तीचे आकडे पुसून पुन्हा काढले. फुकट, आणि प्रत्येक आकडा रस्त्यापलीकडे जाऊन तपासून. शेवटचा आकडा तिच्याच घराचा होता.

राधाक्काच्या घरावर आकडा नव्हता. ती चार दिवस चाचीच्या मागे लागली. "तुमी सगळी ग्येल्यावर म्या हितं एकटीनं काय करू? उद्या माजंबी पाडतील, आन् जागा न्हाई मिळायची. घाल की एक." चाची म्हणाली, सरकारचा आकडा आहे तो, भाजीचा वाटा नाही. पण तिचं मन लागेना. एका दुपारी नोटीस घेऊन ती शाळेत माझ्याकडे आली. राधाक्काच्या घरावर आकडा घातला तर चालेल का, याबद्दल कागदात काय म्हटलंय, तिने विचारलं.

मी नोटीस पुन्हा वाचली. दोनदा वाचली. म्हणाले, "त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, चाची."

ते खरं होतं. घालू नका, असं मी म्हटलं नाही.

संध्याकाळी शाळेतून आले तेव्हा ओढ्यापलीकडच्या भिंतीवर चाचीच्या आकड्यानंतरचा आकडा होता. राधाक्काने त्याला हळदकुंकू लावलं होतं.

घरं पाडली त्या सकाळी फारसं रडणं झालं नाही. आम्ही तयार होतो. टेम्पो भरले, पत्रे उतरवले. पोकलेन एका टोकापासून आकडे बघत आलं, चाचीचं घर पाडून ओढा उतरलं आणि पलीकडे गेलं. राधाक्काने स्वतः दार काढून बाजूला ठेवलं होतं. घडीव दगडाचं घर, पाडायला वेळ लागला.

दुपारी नव्या जागेच्या माळावर आकड्यांची यादी वाचली गेली. आकडा आला की ते कुटुंब पुढे जाऊन आपला तुकडा बघायचं. यादी चाचीच्या आकड्याशी संपली. राधाक्का म्हणाली, माझाबी आकडा हाय. कारकुनाने पान उलटलं. मागे काही नव्हतं. त्याने साहेबांना हाक मारली. साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि त्यावर बोट ठेवलं. रस्ता ओढ्याच्या अलीकडूनच वळतो, ते म्हणाले. पलीकडचं घर घ्यायचंच नव्हतं.

पोकलेनचा ड्रायव्हर तिथेच होता. नंबर होता म्हणून पाडलं, त्याने सांगितलं. इतका स्वच्छ नंबर दुसरीकडे कुठे बघितला नव्हता.

चाची साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "परत सांगा," म्हणाली. त्यांनी परत सांगितलं. "परत सांगा." ते चिडले नाहीत. तिसऱ्यांदा नकाशावर बोट फिरवून दाखवलं, हा ओढा, हा रस्ता, हे घर. तिला कागद वाचता येत नव्हता, पण रेषा कळत होती.

राधाक्काने चाचीला बोल लावला नाही. "म्याच म्हनलं हुतं घाल म्हनून," एवढंच मला म्हणाली. पडलेल्या दगडांशेजारी प्लास्टिक बांधून ती तिथेच राहिली. कचेरीत गेली तर तिलाच खोटं ठरवलं. जागा लाटायला आकडा तूच घातला असशील, म्हणाले.

हे कळलं त्या दिवशी चाची शाळेत आली. वर्ग सुटेपर्यंत दाराबाहेर बसली होती. "अर्ज लिवा, बाई. आकडा म्या घातला, तिनं न्हाई."

मी तिला समजावलं. सरकारी खुणेत फेरफार केल्यासारखं होईल. तुमच्यावर गुन्हा होईल, मिळालेली जागा काढून घेतील. नियमात काय आहे ते मी आधी बघते.

"कागदात काय लिवलंय ते नगा सांगू," ती म्हणाली. "तुमी काय म्हनता ते सांगा."

मी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. मग म्हटलं, लिहिते. अर्ज पाच ओळींचा झाला. तिने तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि खाली अंगठा उठवला. दोनदा, कारण पहिला फिकट आला होता.

पुढच्या महिन्यात ती भोरला लेकीकडे गेली आणि तिथेच वारली. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मला चार दिवसांनी कळलं. राधाक्काला मी जाऊन सांगितलं तेव्हा ती हातोडी-टाकीने वरवंटा घडवत होती. तिने टाकी खाली ठेवली, आणि त्या दिवशी पुन्हा उचलली नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी शाळेत पत्र आलं. वस्ती राहिली नव्हती म्हणून पोस्टमनने ते माझ्याकडे दिलं. पत्र चाचीला होतं. अर्जाच्या चौकशीसाठी तिने समक्ष हजर राहावं, असं त्यात होतं.

मी राधाक्काला घेऊन कचेरीत गेले. बाकावर बराच वेळ बसलो. अखेर शिपाई दारात आला आणि त्याने चाचीचं पूर्ण नाव पुकारलं, वडिलांच्या, नवऱ्याच्या नावासकट. राधाक्का तशीच बसून राहिली. शेजारी इतकी वर्षं काढून तिने ते नाव कधी ऐकलं नव्हतं.

शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं. "कुनाला बोलावत्यात?" राधाक्काने मला विचारलं.

"चाचीला," मी म्हणाले.

ती उठली, पदर खोचला आणि दारापाशी गेली. "ती न्हाई आता," शिपायाला म्हणाली. "तिच्या जागी म्या आलीया."